जोडताडाची खूण

मुलीने वर्सोव्याला घर घेतलं, नवव्या मजल्यावर. हॉलला ही एवढी मोठी काच आणि काचेपलीकडे समुद्र. पहिल्यांदा गेले तेव्हा तिने माझे खांदे धरून मला काचेपुढे उभं केलं आणि म्हणाली, "बघ आई, तुझा दर्या. आता पोटभर बघ." मी बघितला. ओहोटीचं तपकिरी पाणी, कडेला प्लास्टिकची रांग. मग माझे पाय आपोआप स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळले. तिथून अंधेरीची बाजू दिसते. इमारतींच्या फटींतून मी टेकडीचा काळा कडा शोधू लागले. जावई म्हणाले, "आई, व्ह्यू इकडे आहे." मी म्हटलं, "तो तुमचा."

आम्हा कोळ्यांना समुद्रातली जागा शोधायची तर समुद्राकडे पाठ करावी लागते. पाण्यावर रेघ ओढता येत नाही, कुंपण घालता येत नाही. पण डोल, म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं, लावायची तर समुद्राच्या तळात खुंट ठोकावे लागतात, आणि ते खुंट ज्याच्या त्याच्या पिढीजात जागेवरच ठोकायचे असतात. ती जागा ओळखायची किनाऱ्याकडे बघून. किनाऱ्यावरचं एक झाड आणि मागची एक टेकडी, किंवा एखादा बुरूज आणि एखादा खडक, एका ओळीत आले की होडी थांबवायची. दोन ओळी जिथे एकमेकींना छेदतात, तिथे खाली आपलं शेत. प्रत्येक घराची खूण वेगळी. बाप ती मुलाला सांगतो. मुलीला सांगत नाही, कारण मुलगी सासरी जाते आणि जागा बरोबर घेऊन जाते.

मला माझ्या बापाने सांगितली होती. मी नऊ वर्षांची होते आणि तीन दिवस हट्ट धरून जेवले नव्हते. होडीत बायकांनी पाय ठेवू नये असा रिवाज, तरी चौथ्या दिवशी तो मला उचलून घेऊन गेला. आये किनाऱ्यावरून शिव्या घालत होती. खाडीच्या तोंडाबाहेर आल्यावर त्याने माझी मान धरून किनाऱ्याकडे वळवली. "ते दोन ताड बग. जोडताड. त्यांच्या मदी अंधेरीची टेकडी बसली पायजे. दोन दांडग्या जावयांच्या मदी सासू बसल्यावानी, हलाला जागा नाय अशी. आनि तिकडं मढचा बुरूज काल्या खडकाला टेकला की थांब. कोनाला सांगशील?"

"नाय."

"नवऱ्याला?"

"त्याला तर नायच." तो इतका हसला की वल्हं हातातून सुटलं. माझा थोरला भाऊ दामू होडीच्या टोकाला बसला होता, तो काही हसला नाही. त्याची खूण मी अर्धी चोरली असं त्याला वाटलं. घरी येईपर्यंत त्याने मला दोन चिमटे काढले.

त्या वर्षांचा वास अजून नाकात आहे. दिवाळी सरली की बांबूंच्या मांडण्यांवर बोंबील लटकायचे, तोंडात तोंड अडकवून, ओळीने, आणि वारा आला की सगळे एकदम फडफडायचे. जाळ्यांना लावायच्या चिंचोक्याच्या खळीचा आंबट वास, डिझेलचा वास, ओल्या सुंभाचा वास. पार्ल्याची माणसं रविवारी फिरायला यायची आणि नाकाला रुमाल लावायची. आम्ही मासे विकायला पार्ल्याला जायचो तेव्हा तिकडच्या बिस्किटांच्या वासाने आमच्या पोटात ढवळायचं. म्हणजे फिटंफाट होती. माझी आये तर पार्ल्याच्या बायकांसमोर मुद्दाम नाक दाबून म्हणायची, "कसं ऱ्हाताव गो बाय तुमी इतं?"

आये अशीच होती. तिचा राग माझ्यात उतरला आहे. माझी मुलगी म्हणते, आई बोलत नाही, वसकन अंगावर येते. येते खरी. ज्या आठवड्यांत मला जग कळलं त्या आठवड्यांत आमच्याकडे कोणी हळू बोलत नव्हतं.

मी सतरा वर्षांची होते. लग्न ठरलं होतं, धर्मा नाखव्याच्या नाम्याशी. धर्मा नाखवा म्हणजे आमच्या गल्लीतला मोठा बोटवाला, आवाजाने आणि अंगानेही. त्याची डोलीची जागा आमच्या जागेला लागून, उत्तरेकडे. नाम्या त्याचा एकुलता एक. उंच, जरासा बावळट, कानामागे बिडी लावायचा आणि ती तिथेच विसरून दुसरी मागत फिरायचा. मला तो आवडायचा. आज हे लिहिताना लाज वाटत नाही, तेव्हा मेले असते पण कबूल केलं नसतं.

वादळ सकाळी आलं. आदल्या दिवशी संध्याकाळी आभाळ पिकल्या पपईसारखं झालं होतं आणि कावळे गाव सोडून निघून गेले होते. उजाडताना वारा सुटला. पहिल्यांदा बोंबिलांच्या मांडण्या गेल्या, सगळ्या एकदम, आणि ओले सुके बोंबील घरांच्या भिंतींवर चपाचप येऊन बसले. मग पत्रे गेले. पत्रा उडताना शिट्टी वाजते आणि तो कोणाच्या अंगावर पडला की वाजत नाही. समोरच्या घरातल्या म्हातारीचा हात आमच्या उंबऱ्यापाशी पत्र्याने कापला. ती आधी हाताकडे बघत राहिली, ओरडली नंतर. पाणी गल्लीत शिरलं ते सरळ नाही आलं, आडवं आलं, भिंती ढकलत. बाबा आणि दामू खाडीकडे पळाले, होडी वाचवायला. खाडीत चाळीसेक होड्या एकमेकींवर आपटत होत्या. लाकडावर लाकूड फुटण्याचा तो आवाज मी पुढे आयुष्यात कुठे ऐकला नाही, आणि जिथे जरा तसा आवाज होतो, म्हणजे कुठे इमारत पाडतात वगैरे, तिथून मी निघून जाते.

दुपारी वारा पडला. बाबाला चौघांनी आमच्याच घराचं दार काढून नेऊन त्यावर घालून आणलं. डोलकाठी मोडून त्याच्या डोक्यात बसली होती. जीव होता. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. दामू आलाच नाही. तो तिसऱ्या दिवशी मनोरीच्या अंगाला लागला. त्याच्या मनगटाला आमच्या होडीचा दोर होता, गाठ मारलेला, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला काही नव्हतं. जाळायला कोरडं लाकूड गावात नव्हतं. आयेने घराचं दार दिलं, ज्या दारावर बाबाला आणलं होतं तेच.

मग सुरू झालं ते वादळापेक्षा वाईट. किनाऱ्यावर जे जे वाहून आलं ते ज्याच्या हाती लागेल त्याचं. फळ्या, दोर, जाळ्यांचे गुंते, डिझेलची पिंपं. एका वासावरून दोन सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडली. बायका चिखलात झिंज्या उपटत होत्या. मी पण उपटल्या. आमच्याच जाळ्याचा तुकडा ओढत नेणाऱ्या एका बाप्याच्या दंडाला माझ्या आयेने असा चावा घेतला की त्याच्या बंडीचे धागे तिच्या दातांत राहिले. मेलेल्या बकऱ्या, कुजकी मासळी आणि डिझेल यांचा मिळून एक वास व्हायचा. तो भाकरीला यायचा, पाण्याला यायचा. पार्ल्याहून मदत आली. बिस्किटांचे पुडे, नायलॉनच्या साड्या, वर्सोव्याच्या उकाड्यात लोकरीचे स्वेटर, आणि नाटकातला असावा असा एक जरीचा कोट. तो कोट घालून एक म्हातारा खलाशी महिनाभर चिखल उपसत होता. त्याला कोणी हसत नव्हतं.

समुद्रातले खुंट मात्र एकूण एक उपटले गेले होते. वर्सोव्याच्या समोरचं पाणी कोरं झालं होतं. आता ज्याने त्याने आपली जागा पुन्हा ओळखायची आणि उधाणाच्या भरतीला खुंट पुन्हा ठोकायचे. ज्याला खूण सांगता येणार नाही त्याची जागा गेली, ती गाव वाटून घेईल. गावदेवीच्या देवळापुढे पाटलाने हे सांगितलं तेव्हा सगळे आमच्याकडे बघत होते. आमच्या घरात खूण माहीत असलेला एक पुरुष चितेवर गेला होता आणि दुसरा चटईवर पडून डावा हात हलवत होता. जागा गेली तर आयेने आणि मी खायचं काय, बाबाला भरवायचं काय, हे विचारायचीही गरज नव्हती.

धर्मा नाखवा उठला. "पोर माज्या घरात यायची हाय. त्यांची जागा मी चालवतो, त्यांच्या घरात म्हावरा मी टाकतो. वाटप कशाला?" वाईट नव्हतं ते बोलणं. आज वाटतं, चांगलंच होतं. पण त्या दिवसांत चांगलं बोलणाऱ्यावरच पहिला संशय यायचा. मागून कोणीतरी म्हणालं, "घास एक देल, आनि जागा दोनी गिलंल." आये पदर खोचून उभी राहिली. "माजी पोर जागंची खून सांगल. तिच्या बापसानं तिला दावलीय."

देवळापुढे कल्ला झाला. मुलीला खूण सांगितली म्हणून लोक मरणाच्या दारातल्या माझ्या बापाला शिव्या देत होते. धर्मा नाखवा माझ्याकडे बघून हसला. लहान मुलीने साडी नेसली की माणसं हसतात तसा. ते हसू मी सहन करू शकले नाही. पुढचं सगळं त्या हसण्यापासून आहे असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलाच्या होडीतून गेलो. होडीत पाटील, धर्मा नाखवा, आणखी दोघं आणि मी. पाणी सपाट होतं. मी पाठ फिरवली आणि किनारा बघितला. किनारा ओळखूच येईना. घरं नाहीत, माडाच्या वाडीत निम्मे माड, देवळाचा कळस खाली आलेला. धर्मा नाखव्याची खूण त्या कळसावरची होती, ते थोड्याच वेळात कळलं. म्हणजे त्याची स्वतःची ओळच आता मोडली होती. मी ताड शोधले. सापडले. दोन ताड उभे होते, डोकी पिंजलेली. होडी सरकत गेली आणि टेकडी त्यांच्या मधे आली. मढचा बुरूज काळ्या खडकाला टेकला. मी म्हटलं, "इतंच." दगड बांधलेला बोया, म्हणजे तरंगती खूण, पाण्यात टाकला.

धर्मा नाखव्याचं हसू गेलं. "ए पोरी, ही माजी जागा हाय. तुमची इतून खाली, दक्षिनेला. धा वरसाचा व्हतो तवापासून मी इतं येतोय." पाटलाने त्याची खूण विचारली. तो पडलेल्या कळसाकडे हात करत राहिला. मी ओरडले, "काल दोन जागा पायजे व्हत्या, आज माजी पन तुमची झाली काय?" होडीतली दोघं माना हलवू लागली. आमच्याकडे म्हणतात, दर्यावर पहिला बोलला त्याचं पाणी. पाटील म्हणाला, चार दिवसांनी निकाल देतो, उधाणाच्या आधी.

त्या क्षणी एक गोष्ट माझ्या डोळ्यांना खटकली होती. टेकडी ताडांच्या मधे बसली होती, पण सैल. दोन्ही बाजूंना आभाळ दिसत होतं.

सरपण गोळा करायला दोन दिवसांनी मी वाडीच्या टोकाला गेले. तिथे चिखलात ताडाचा एक बुंधा होता, कमरेइतका, वरचं लोकांनी तोडून नेलेलं. त्याच्या अगदी शेजारी, हात पसरला तर दोन्हींना लागेल इतक्या जवळ, एक ताड उभा. आणि वीस पावलांवर, उत्तरेला, तिसरा. लहानपणापासून मी त्या झाडांखालून हजार वेळा गेले होते. जोडताड आणि त्यांच्यापासून फटकून उभा राहिलेला एकटा ताड. त्याला आम्ही मुलं घरजावई म्हणायचो. वादळाने जोडीतला दक्षिणेकडचा ताड पाडला होता, आणि मी उरलेल्याची आणि घरजावयाची जोडी लावून धर्मा नाखव्याच्या जागेवर बोया टाकून आले होते. सरपण तिथेच टाकून मी घरी पळत आले.

बाबाच्या कानाशी वाकून मी सगळं सांगितलं. त्याने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. इतकं जोरात की बांगडी फुटून काच आत गेली. मग तो हात जमिनीवर आपटत राहिला, थप, थप, थप. तोंडातून लाळ आणि एक घरघर येत होती. तो काय म्हणत होता ते मला कळत होतं. माणसाशी खोटं बोललेलं त्याला एक वेळ चालायचं, खुणेशी नाही. आये चुलीपुढून उठली आणि तिने माझ्या तोंडात मारली. एकदा, दोनदा. "गप बस. चुकली सांगशील तर खरी जागा कोन देल तुला? बोलतील, पोरीला कायच ठाव नाय. दोनी जातील. तोंड उघडलंस तर जीब कापीन." तिच्या हातात विळी होती आणि ती रडत होती.

मी गप्प बसले. आयेच्या भीतीने बसले असं म्हणायला सोपं आहे. मला धर्मा नाखव्याचं ते हसू आठवलं आणि मी गप्प बसले.

मुलीच्या त्या काचेपुढे आता खुर्ची आहे, माझ्यासाठी ठेवलेली. मी तिच्यात बसत नाही. नात विचारते, "आजी, तुला समुद्राची भीती वाटते का?" वाटत नाही. समुद्राने माझं जे नेलं ते त्याने तोंडावर नेलं.

निकालाच्या आदल्या दिवशी दुपारी नाम्या आला. बोंबिलांच्या मोडलेल्या मांडण्या मी बांधत होते. तो सुंभाचं टोक धरून उभा राहिला, गाठ मारायला मदत केल्यासारखी. वादळापासून आम्ही बोललो नव्हतो. त्याच्या कानामागे बिडी होती. माझ्या सुजलेल्या गालाकडे त्याने बघितलं.

"एक सांग," तो म्हणाला. "घरात बापूस रोज भिंतीवर मुठी मारतोय. बोलतो, माजी जागा हाय. मना पन वाटतं तीच हाय, पन आता किनारा बगून मना कायच कलत नाय. पयल्यासारखं कायच नाय. तू बगितलंस ना बरोबर?"

"हाव."

"तुज्या बापसाची खून बरोबर बसली व्हती?"

"बोलले ना हाव. परत परत काय विचारतोस? जा तुज्या बापसाच्या मागं."

"तसं नाय गो." तो खाली बघत म्हणाला. "खरं हाय ना, येवडंच. तू खरं बोललीस तर मी उद्या उबा ऱ्हानार. बापसाच्या पुडं. मी अजून कदी उबा नाय ऱ्हायलो."

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, "खरं हाय."

दुसऱ्या दिवशी देवळापुढे नाम्या उभा राहिला. तो म्हणाला, "पाटील, ती जागा तिचीच हाय. माजा बापूस चुकतोय. ती खोटं नाय बोलनार." धर्मा नाखव्याने सगळ्या गावासमोर त्याच्या कानफटात मारली. नाम्या पडला, उठला, तोंडातलं रक्त पुसलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाला. निकाल आमच्या बाजूने लागला. आयेने देवीपुढे नारळ फोडला. मला वाटत होतं कोणीतरी मला दगड मारावा.

उधाणाच्या दिवशी आयेचा भाऊ, मढचा जनूमामा, सात माणसं आणि दोन होड्या घेऊन आला. खुंटाला नवं लाकूड कुठलं? एका फुटक्या मचव्याची डोलकाठी आणि एक जुना वासा असे जोडून, लोखंडी पट्ट्या मारून मोठा खुंट केला होता. दोन होड्यांच्या मधे तो उभा करायचा, शेंड्याला दोर बांधून दोन्हीकडून ताणायचा, आणि माणसांनी दोरांना लटकून, झोके देत देत तो तळाच्या चिखलात रुतवायचा. ते करताना माणसं गातात. त्या दिवशी कोणी गात नव्हतं. खूण दाखवायला मी जनूमामाच्या होडीत होते.

खुंट उभा राहिला होता, अजून टेकला नव्हता, तेव्हा धर्मा नाखव्याची बोट आली. इंजिन चालू ठेवूनच ती आमच्या होडीवर घातली. फळी फुटली. मग वल्ही चालली. वल्ह्याने माणसाला मारलं की आवाज ओला येतो. जनूमामाचा खांदा निखळला. एकाच्या पोटरीत गळाचा आकडा घुसला आणि तो त्या आकड्याला धरून जोराने शिव्या देत होता. कोणीतरी माझे केस धरून माझं डोकं होडीच्या काठावर आपटलं. माझ्या तोंडात दाताचा तुकडा आला आणि मला बरं वाटलं. मला कोणीतरी मारायला हवंच होतं. त्या सगळ्या आरडाओरड्यात मी एकदा म्हणाले, "थांबा, चुकलंय, माजं चुकलंय." म्हणाले खरी. किती मोठ्याने म्हणाले ते मला माहीत आहे. माझं मलाच जेमतेम ऐकू आलं.

नाम्या बापाच्या बोटीत होता. तो पाण्यात उडी टाकून पोहत मधे आला आणि त्याने हलणारा खुंट खालून मिठी मारून धरला. "बाबा, तोडू नको," तो म्हणत होता. "तिची जागा हाय. तिची जागा हाय." धर्मा नाखव्याला आवाज ऐकू गेला असेल, पण तो दिसला नाही. आमच्या होडीचा काठ आड आला होता. तो वर, शेंड्याकडे बघत होता. त्याने कोयता उगारला आणि ताणलेला दोर एका घावात तोडला.

खुंट पडायला वेळ लागला. एवढं लांब लाकूड एकदम पडत नाही, आधी विचार करतं. मग तो पडला आणि पाणी उंच उडालं. पाणी खाली आलं आणि नाम्या दिसत नव्हता. मग दिसला. त्याला बोटीत घेतलं तेव्हा धर्मा नाखव्याने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि फुटलेली बाजू तळहाताने दाबून धरली, जणू फक्त रक्त थांबवायचं होतं. किनारा येईपर्यंत त्याने तो हात काढला नाही. माझ्याकडे कोणी बघितलं नाही. नाम्याच्या कानामागे ओली बिडी होती. ती तिथेच होती.

धर्मा नाखव्याला पोलीस घेऊन गेले आणि काही दिवसांनी सोडलं. गावाने जबानी दिली की दोर आपोआप तुटला. मीही तेच म्हटलं. माझं दुसरं खोटं. तो परत आला तेव्हा त्याचा आवाज गेला होता, म्हणजे बोलायचा पण गल्लीपलीकडे ऐकू जायचं नाही. पुढच्या उधाणाला तो एकटा पाटलाकडे गेला आणि म्हणाला, जागा पोरीचीच आहे, मी चुकलो होतो, माझी जागा तिथून खालच्या अंगाला. मग त्याने आमचे खुंट स्वतः ठोकले, जिथे मी बोया टाकला होता तिथेच. घरात पुरुष नाही म्हणून आमची डोल त्यानेच चालवली. त्याचे स्वतःचे खुंट त्याने खालच्या अंगाला ठोकले, जी खरं तर आमची जागा होती. अशा अदलाबदल केलेल्या दोन शेतांवर वर्सोव्याचा तो हंगाम गेला. माझ्या बापाला हे कोणी सांगितलं नाही. आये दारातून मासळीची टोपली आत आणायची तेव्हा तो तोंड भिंतीकडे करायचा. फाल्गुनात तो गेला.

माझं लग्न बोरिवलीला झालं, कारखान्यात काम करणाऱ्या माणसाशी. कोकणातला. त्याला पोहता येत नव्हतं. मला ते आवडलं. लग्नाच्या आधी आठ दिवस, सकाळी, धर्मा नाखवा नेहमीसारखा टोपली घेऊन आला. आये बाजारात होती. त्याने टोपली उंबऱ्यावर टेकवली. बोंबील, करंदी, वर दोन पापलेट. म्हणाला, "तुज्या जागेचा म्हावरा."

मी त्याच्या पायांशी बसले आणि म्हटलं, "नाखवा, ती जागा माजी नाय. जोडीतला ताड पडला व्हता. मी चुकले, आनि मना कललं व्हतं. नाम्यानं मना विचारलं तवा मना सगलं ठाव व्हतं. मना मारा. मना पायजे तर मारून टाका."

तो खाली बसला, गुडघे धरून, म्हाताऱ्यासारखा. पन्नाशीचा पण नव्हता तो.

"मना माजी जागा ठाव नाय काय?" तो म्हणाला. "कलस पडला तरी. पान्याच्या रंगावरनं कलतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पन माजा पोऱ्या दोन येला सगल्या गावापुडं उबा ऱ्हाऊन बोलला, तिची जागा हाय. पान्यात पन तेच बोलत व्हता. आता ती माजी हाय बोललो तर तो खोट्यासाटी मेला व्हईल. तो खोटा नव्हता. तवा ती जागा तुजी हाय. परत असं कोनाला बोलशील तर मग मी खरंच मारीन."

त्याने टोपली आमच्या परातीत उपडी केली, हाताने आतले दोन अडकलेले बोंबील काढून टाकले, आणि रिकामी टोपली घेऊन गेला. मी बोंबील धुतले, साफ केले. आये आल्यावर आम्ही कालवण केलं आणि दोघी जेवायला बसलो.